गच्चीवरच्या युनिटचा भाव: वादाची पार्श्वभूमी

दुपारी गच्चीवर तयार झालेली जास्तीची वीज महावितरणला द्यायची आणि रात्री तेवढीच परत घ्यायची, हा नेट मीटरिंगचा व्यवहार. विद्युत नियामक आयोगाच्या 2015 च्या विनियमांनी तो महाराष्ट्रात रुळला. दिलेले युनिट बिलातून वजा होत आणि 31 मार्चला शिल्लक राहिलेल्यांना सरासरी वीजखरेदी दर मिळे. म्हणजे वजावटीतल्या युनिटला किरकोळ विक्रीचा भाव, शिलकीला घाऊक खरेदीचा. भांडण या दोन भावांतल्या अंतराचे आहे.

आपल्याकडे ते अंतर मोठे आहे. शेतीपंपांच्या स्वस्त विजेचा भार उद्योग, दुकाने आणि जास्त वापराची घरे उचलतात. सोलर आधी परवडले ते याच ग्राहकांना. त्यांची बिले उतरली, पण रात्री त्यांना वीज पोहोचवणाऱ्या तारा आणि रोहित्रांचा खर्च तसाच राहिला. महावितरणची ही तक्रार खरी आहे. मात्र छतावरची वीज शेजारच्याच घरात खपते आणि लांबून आणतानाची गळती वाचते, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

आयोगाच्या नव्या विनियमांच्या 2019 च्या मसुद्यात मोठ्या ग्राहकांना नेट बिलिंग, म्हणजे दिलेल्या विजेला वेगळा, कमी दर सुचवला होता. त्यावर हरकती आल्या आणि डिसेंबरमधल्या अंतिम विनियमांत नेट मीटरिंग टिकले. ग्रिड सपोर्ट चार्जेसची, म्हणजे तारा-रोहित्रांच्या खर्चापोटी सोलर ग्राहकांवर लावायच्या आकाराची, तरतूद राहिली, पण राज्यातली छतावरची क्षमता ठरावीक पातळी गाठेपर्यंत ते लावायचे नाहीत, असे पुढे ठरले. केंद्राने डिसेंबर 2020 मध्ये नेट मीटरिंग 10 किलोवॉटपुरते ठेवले आणि विरोध झाल्यावर 2021 मध्ये मर्यादा 500 वर नेली.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली: 1 कोटी घरांचे उद्दिष्ट, 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. त्याच सुमारास सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी सौर प्रकल्प उभारणाऱ्या राज्याच्या योजनेतून, महावितरणला दिवसाची वीज युनिटमागे 3 रुपयांच्या आसपास मिळू लागली. दुपारच्या विजेची किंमतच घसरली. म्हणून महावितरणच्या 2025 च्या दरप्रस्तावात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधले युनिट त्याच वेळेतल्या वापरातून वजा करायची कल्पना आली. दिवसभर नोकरीवर असणाऱ्या कुटुंबांचे पूर्ण गणित त्याने कोलमडले असते, आणि ती पॅनेल अनेकांनी कर्ज काढून बसवलेली.

कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या ग्राहकांचा मोबदला सुमारे 75 टक्क्यांनी घटवला, तेव्हाही जुन्यांना जोडणीपासून 20 वर्षे जुनेच नियम ठेवले. अशी हमी आपल्या ग्राहकालाही अर्ज करतानाच लेखी मिळाली पाहिजे.