चेक सहा महिने चालतो? आता नाही

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात व्यापाऱ्याचा चेक कपाटात ठेवून ‘सहा महिने आहेत की’ म्हणणारे आजही भेटतात. ही मुदत 1 एप्रिल 2012 पासून तीन महिन्यांवर आली आहे. रिझर्व्ह बँकेचा तसा आदेश आहे.

गोंधळाचं मूळ कायद्यातच आहे. चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम 138 मध्ये ‘सहा महिने किंवा चेकची वैधता, जे आधी संपेल ते’ असं लिहिलंय. लोक पहिला अर्धाच लक्षात ठेवतात.

तीन महिने मोजायचे ते चेकवरच्या तारखेपासून, हातात पडला त्या दिवसापासून नाही. 10 जूनचा चेक ऑगस्टमध्ये मिळाला, तर सप्टेंबर उजाडण्याआधीच भरून टाका. पुढच्या तारखेचा असेल तर ती तारीख येईपर्यंत थांबावंच लागतं.

मुदत उलटल्यावर भरला, तर खात्यात पैसे असूनही तो परत येतो, आणि मग कलम 138 लागत नाही. खरं नुकसान हे. (उधारी मात्र बुडत नाही, दिवाणी दावा करता येतो.) तारीख खोडून सही करून घेण्यापेक्षा नवा चेकच मागा.

मुदतीत भरलेला चेक पैसे नसल्यामुळे परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवा. ती मिळाल्यावर देणाऱ्याला 15 दिवस असतात. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार.