गोळ्याचा किस आणि सरबताचा चुरा

एप्रिल लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरायला लागतो. बर्फाचे खडे मिक्सरच्या भांड्यात टाकायचे, चार वेळा बटण दाबायचं, वाटीत काढून वर लालभडक सिरप ओतायचं आणि मथळा द्यायचा, ‘घरच्या घरी गोळा’. पाच मिनिटांत वाटीच्या तळाशी लाल पाणी आणि वर पांढरेफटक, बेचव कण. मग एखादी मावशी हमखास लिहिते, ‘‘अगं, अजून थोडं फिरवायचं होतंस.’’ अजून फिरवून काहीही होणार नव्हतं. मिक्सरमधून निघतो तो चुरा, गोळ्याला लागतो तो किस, आणि चुरा कितीही बारीक केला तरी त्याचा किस होत नाही.

चुरा सगळ्यांच्या माहितीतला आहे. बर्फ फोडला, कुटला, आपटला की चुरा. कोनेदार कण, काही बोराएवढे, काही साखरेएवढे. पुढे चला.

किस कसा निघतो ते मात्र बडोद्यात कुठल्याही गोळ्याच्या लारीपाशी दोन मिनिटं थांबून बघा, सिरपच्या बाटल्यांकडे नाही, यंत्राकडे. लादीचा तुकडा वरून दात्यांच्या पकडीत धरलेला असतो. चाक फिरवलं की तो पात्यावर गरगर घासला जातो आणि खाली पापुद्रे पडतात. काकांकडून चिमूटभर मागून घ्या. बोटांत धरला तर टोचत नाही, जिभेवर ठेवला तर दाताखाली काही येत नाही. नारळ खवणीवर खोवला तर एक पदार्थ मिळतो आणि तुकडे मिक्सरला लावले तर दुसराच, हे ज्या घरात कळतं त्या घरात बर्फाच्या बाबतीत घोळ का व्हावा, मला समजत नाही.

फरक बारीक-जाड असा नाही, आकाराचा आहे. पापुद्रे एकमेकांवर आडवेतिडवे पडतात. त्यांच्यामध्ये हवेच्या चिंचोळ्या फटी राहतात आणि सिरप त्या फटींत शोषलं जाऊन तिथेच अडकतं. म्हणून गोळा चोखला की रंग आणि गोडी तोंडात येते आणि मागे पांढरा बर्फ उरतो. काका परत सिरप मारून देतात आणि तेही आत शिरतं. चुऱ्याचे कण मोठे असतील तर फटी इतक्या रुंद की सिरप सरळ खाली. कण बारीक केले तर आणखी पंचाईत. ३ सेंटीमीटरच्या एका चौकोनी खड्याचा पृष्ठभाग ५४ चौरस सेंटीमीटर असतो. त्याचे ३ मिलिमीटरचे हजार कण केले तर तोच ५४० होतो. मे महिन्यातल्या दुपारी, त्यात मिक्सरचं फिरून तापलेलं पातं, एवढा उघडा पृष्ठभाग लगेच पाझरायला लागतो. ते पाणी कणांमधल्या फटींत जाऊन बसतं. सिरप येईपर्यंत जागा भरलेली असते. सिरप त्या पाण्यात मिसळून फिकं पडतं आणि तुमच्या वाटीत थंडगार रंगीत चिखल तयार होतो.

दुसरी गोष्ट तापमानाची, आणि ती जवळजवळ कुणीच सांगत नाही. घरच्या फ्रीजरमधला बर्फ उणे १८ अंशांच्या आसपास असतो. इतका थंड बर्फ ठिसूळ असतो, पात्याखाली सोलला जात नाही, फुटतो. लारीवरची लादी गोणपाटाखाली तासन्‌तास पडलेली असते, शून्य अंशाला आलेली, वरून ओली. तिच्यावर पातं सरसर चालतं. आणि शून्याजवळचे बर्फाचे दोन तुकडे टेकले की ते एकमेकांना चिकटून गोठतात, हे मायकल फॅरडे यांनी १८५० मध्ये सांगून ठेवलं आहे. ग्लासात काडी धरून किस दाबला की गोळा बांधला जातो तो याच जोरावर. फ्रीजरमधून काढल्याकाढल्या केलेली कोरडी भुकटी कितीही आवळा, काडीवरून गळून पडते.

तेव्हा हौसेने आणलेलं हातयंत्र ‘खराब निघालं’ म्हणून माळ्यावर टाकण्याआधी एक करा. वाटीत गोठवलेला बर्फ बाहेर काढून तसाच ठेवा. वरचं धुरकट पांढरेपण जाऊन तो ओला, चकचकीत दिसायला लागला की मग चाक फिरवा. बहुतेक वेळा यंत्रात काही बिघाड नसतो. मिक्सरवाल्यांसाठी मात्र माझ्याकडे उपाय नाही. लारीवर जा.

आता उलटा घोळ. हल्ली काही ठिकाणी कोकम सरबतावर किसाचा डोंगर रचून देतात. फोटो छान येतो. पण किस वर तरंगतो, वरचं सरबत पिऊन टाकतो आणि त्याचा गच्च थर बसतो. तुम्ही स्ट्रॉने तळातलं कोमट सरबत ओढता, मध्येच स्ट्रॉमध्ये गिचका अडकतो, आणि थोड्या वेळाने सगळं एकदम विरघळून पाणचट. ग्लासात चुराच हवा. त्याच्या कणांमधून सरबत वाहतं, प्रत्येक घोट बर्फाला भिडून येतो.

‘‘पण चुऱ्याने पातळ होतं’’ हे अर्धसत्य आहे. बर्फ थंडावा देतो तो मुख्यतः वितळताना, ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. न वितळता गार करणारा बर्फ अजून कुणी काढलेला नाही. ३० अंशांचं २०० मिलिलिटर सरबत ५ अंशांवर आणायचं तर ५०–६० ग्रॅम बर्फ वितळणारच, मग तो खडा असो की चुरा. चुरा ते काम झटकन करतो, एवढंच. आपण गप्पा मारत ग्लास धरून बसलो तर पुढचं पातळ होणं चुऱ्यात लवकर होतं, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे सरबत दाट करा आणि वेळेत प्या. चुरा करताना मांजरपाटाच्या पिशवीत खडे घालून बत्त्याने कुटा. कापड सुटलेलं पाणी पिऊन घेतं आणि चुरा कोरडा राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तेच पाणी ग्लासात येतं.

बाकीचे वाद किरकोळ आहेत. पारदर्शक बर्फ आणि मधे पांढुरका बर्फ यांत फरक अडकलेल्या हवेचा. चवीला फार काही वेगळं नाही, आणि पाणी उकळून बर्फ काचेसारखा होतो हा समज बऱ्याच अंशी फोल आहे. एकाच बाजूने हळूहळू गोठवला तर होतो. हॉटेलातले नळीसारखे पोकळ खडे लवकर गार करतात, लवकर संपतात. निळसर लादी दिसली तर मात्र लारी बदला. खाण्यासाठी नसलेल्या, मालसाठवणीच्या बर्फात निळा रंग घालायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं ते ओळखू यावा म्हणूनच.

माझं विचाराल तर कोकम आणि वाळ्याच्या सरबताला चुरा, ग्लास अर्धा भरेल एवढा. पन्ह्याला एकच मोठा खडा, कारण ते सावकाश प्यायचं असतं आणि वेलदोडा शेवटपर्यंत लागला पाहिजे. गोळ्याचं सिरप सरबताला वापरू नका. ते किसाच्या हिशेबाने गोड केलेलं असतं, ग्लासात घशाखाली उतरत नाही. ताकात कसलाच बर्फ नको. माठातलं पाणी घालून घुसळा, मीठ-जिरं लावा, पुरे.