पाणथळीची हद्द मातीत शोधताना

संरक्षित सार्वजनिक जमिनीवरच्या पाणथळीचा नकाशा करायला घेतला की पहिलाच प्रश्न अडतो: ही पाणथळ संपते कुठे? तळ्याला निदान काठ असतो. इथे उघडं पाणी, लव्हाळ्यांची दाटी, ओलं कुरण आणि कोरडी जमीन एकमेकांत विरत जातात. त्यातून वर्षातले कित्येक महिने पाणी दिसतच नाही.

पाणी गेलं तरी खूण मागे राहते, ती मातीत. गिरमिट फिरवून हातभर खोलीवरची माती वर काढायची. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट संथपणे पसरतो, त्यामुळे बुडालेल्या मातीतला साठा जिवाणू लवकरच संपवतात. मग त्यांतले काही श्वसनासाठी लोहाच्या ऑक्साइडवर म्हणजे गंजावर भागवतात. लोह विरघळून निघून जातं आणि माती राखाडी, कधी निळसर पडते. पाणवनस्पतींच्या मुळांतून थोडी हवा झिरपते. तिथे लोह पुन्हा गंजतं आणि मुळांच्या वाटेने तांबूस रेघा उमटतात. भर उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीखाली अशी रेघ सापडते, तेव्हा पावसाळ्यातलं पाणी कुठवर उभं होतं ते समोर दिसतं. मला या कामातला हा सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

मातीचा रंग मुन्सेल रंगपत्रिकेशी, म्हणजे रंगांच्या ठरावीक नमुन्यांच्या तक्त्याशी, ताडून लिहितात, वनस्पती ओळखतात, पाण्याच्या खुणा पाहतात. मग कोरड्या बाजूला थोडं सरकून पुन्हा खड्डा. खुणा संपल्या तिथे जीपीएसवर बिंदू घ्यायचा.

उपग्रहाने हे काम सोपं होतं, पण पुरं होत नाही. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब-रुंद तुकडा असतो. त्यात छोटं डबकं हरवतं. सेंटिनेल-२ या उपग्रहाचा ठिपका १० मीटरचा आहे, पण झाडांखालचं पाणी त्यालाही दिसत नाही. तिथे रडार उपयोगी पडतं. शांत उघडं पाणी रडारच्या लहरी पलीकडे परतवतं, म्हणून काळं दिसतं. बुडालेल्या खोडांमध्ये मात्र लहर पाण्यावर आणि खोडावर आपटून माघारी येते आणि तो भाग उजळतो.

एकाच भेटीत केलेल्या नकाशावर मी विसंबणार नाही. उन्हाळ्यात कोरडी दिसलेली जागा नकाशातून सुटली, की पुढे नेमकी तिथूनच पायवाट किंवा वाहनतळ आखला जातो. म्हणून हद्दीच्या प्रत्येक बिंदूपुढे पाहणीची तारीख हवी, आणि पाऊस झाल्यावर त्याच बिंदूंवर पुन्हा जायला हवं.