वास्तुतंत्रज्ञानाचे विद्यापीठीय शिक्षण (ब्रिटन)

वास्तुतंत्रज्ञान (आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजी) : कागदावरची इमारत प्रत्यक्षात बांधता यावी आणि बांधल्यावर ती कोरडी, ऊबदार, आगीपासून सुरक्षित व टिकाऊ राहावी, यासाठी लागणारे तांत्रिक संकल्पन शिकवणारी विद्याशाखा. ब्रिटनमध्ये ती स्वतंत्र पदवीचा विषय आहे. बीएस्सी (ऑनर्स) हा अभ्यासक्रम इंग्लंडात सामान्यतः ३ आणि स्कॉटलंडात ४ वर्षांचा असतो. अनेक ठिकाणी शेवटच्या वर्षाआधी एक वर्ष एखाद्या कार्यालयात पगारी काम करण्याची सोय असते. शेफील्ड हॅलम, नॉर्थंब्रिया, अल्स्टर, एडिंबरा नेपिअर, ॲबरडीनचे रॉबर्ट गॉर्डन ही हा विषय शिकवणारी काही विद्यापीठे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या बोल्टन स्ट्रीटवरील तंत्रशिक्षणाशी या विषयाचे जुने नाते आहे.

या शाखेचा उगम आर्किटेक्टांच्या शिक्षणात झालेल्या एका बदलात आहे. ब्रिटनमध्ये पूर्वी अनेक आर्किटेक्ट कार्यालयातच उमेदवारी करून तयार होत. १९५८ च्या ऑक्सफर्ड परिषदेत हे शिक्षण पूर्णवेळ आणि शक्यतो विद्यापीठांत व्हावे असे ठरले. त्यामुळे आर्किटेक्टची शैक्षणिक पातळी उंचावली, पण वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बांधकामासाठीचे तपशीलवार आराखडे), मालाची निवड आणि साइटवरचे व्यवहार यांत मुरलेला माणूस कुठून येणार, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून तंत्रज्ञांचा वेगळा वर्ग घडत गेला. १९६५ मध्ये त्यांची संस्था स्थापन झाली. १९८६ मध्ये बदललेल्या तिच्या नावात ‘टेक्निशियन’ हा शब्द होता, १९९४ मध्ये तो ‘टेक्नॉलॉजिस्ट’ झाला. २००५ मध्ये तिला शाही सनद (राजसत्तेची अधिकृत मान्यता) मिळाली आणि आजची चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्चरल टेक्नॉलॉजिस्ट्स (सीआयएटी) अस्तित्वात आली. सहायकाचे मानले गेलेले काम अशा रीतीने चाळीस वर्षांत सनदी व्यवसाय बनले.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे सांधा. भिंत छताला मिळते तिथे, खिडकीची चौकट भिंतीत बसते तिथे, बाल्कनीचा स्लॅब आतल्या स्लॅबमधून बाहेर निघतो तिथे काय घडते, हे विद्यार्थी १:२० आणि १:५ प्रमाणातल्या सेक्शनमधून (उभ्या छेदाच्या चित्रांतून) शिकतो. इमारती बहुतेक वेळा सपाट भिंतीच्या मध्यावर बिघडत नाहीत, त्या कडांवर आणि जोडांवर बिघडतात. म्हणून एका चांगल्या डिटेलमध्ये (सांध्याच्या तपशीलवार रेखाटनात) पाणी, हवा, बाष्प, उष्णता, आवाज, आग आणि भार या सगळ्यांच्या वाटा तपासाव्या लागतात. इन्सुलेशनचा थर जिथे खंडित होतो तिथे उष्णता बाहेर पळते (थर्मल ब्रिज) आणि आतला पृष्ठभाग थंड पडतो. खोलीतील हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल, तर साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर दव धरते. बुरशीला तर तितकी थंडीही लागत नाही. म्हणून घरांसाठी पृष्ठभाग-तापमान गुणक किमान ०.७५ ठेवतात : बाहेर ० आणि आत २० अंश असताना सांध्याचा आतला पृष्ठभाग १५ अंशांखाली जाता कामा नये. जुन्या, एका विटेच्या जाडीच्या सलग भिंतीची यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता निसटते याचे माप; जितके कमी तितके चांगले) २ च्या आसपास असते. इंग्लंडच्या २०२१ च्या नियमांनुसार नव्या घराच्या भिंतीला ०.२६ ही कमाल मर्यादा आहे. हे आकडे विद्यार्थी प्रत्येक प्रकल्पात स्वतः काढतो, आणि रेघ ओढण्यामागचे कारण सांगता येण्याची सवय त्यातूनच लागते.

दोन दुर्घटनांचा अभ्यास केल्यावाचून हे शिक्षण पुरे होऊ शकत नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत काँक्रीटचे तयार पॅनेल जोडून बांधलेली होती. १६ मे १९६८ रोजी पहाटे १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भारवाहक पॅनेल बाहेर फेकले गेले आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला. एका ठिकाणच्या इजेने सारी इमारत पडू नये, ही अट १९७० मध्ये नियमांत आली. १९८६ मध्ये ती इमारत मजल्यामजल्याने उतरवताना सांधे नीट भरलेले नसल्याचे उघड झाले.

दुसरी दुर्घटना १४ जून २०१७ च्या रात्रीची. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीच्या एका स्वयंपाकघरात लागलेली आग खिडकीच्या चौकटीभोवतालच्या भागातून बाहेरच्या आवरणात शिरली. पॉलिएथिलीनचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमुळे ती झपाट्याने पसरली आणि ७२ माणसे गेली. हे आवरण नूतनीकरणाच्या वेळी बसवलेले होते. खिडकीभोवती कोणता माल आहे, आवरणामागच्या पोकळीत आग अडवणारा अडसर कुठे आणि कसा बसवला आहे, हे प्रश्न डिटेलच्या कागदावरचे आहेत, म्हणजेच वास्तुतंत्रज्ञाच्या मेजावरचे. त्यानंतर इंग्लंडमध्ये १८ मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील माल वापरण्यावर २०१८ मध्ये बंदी आली. २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी ॲक्टनंतर बांधकाम नियमांचे पालन होते आहे की नाही हे पाहणाऱ्या ‘प्रिन्सिपल डिझायनर’ची जबाबदारी ठरवण्यात आली. पात्रता असेल तर वास्तुतंत्रज्ञही ती पेलू शकतो.

बाकी विषय ओघाने येतात : बांधकाम कायदा, करार, सर्वेक्षण, जुन्या इमारतींचे जतन, खर्चाचा अंदाज. २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना ब्रिटनमध्ये बिम (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे इमारतीची माहिती संगणकीय मॉडेलमध्ये एकत्र ठेवण्याची पद्धत) आवश्यक झाल्याने त्रिमितीय मॉडेलचे कामही मोठ्या प्रमाणावर शिकवले जाते. मात्र मॉडेल सुबक झाले म्हणून सांधा बरोबर ठरत नाही, आणि सॉफ्टवेअरवरच भर देणारा अभ्यासक्रम निवडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पदवीनंतर अनुभवाची नोंद आणि मुलाखत यांतून सीआयएटीचे सनदी सदस्यत्व मिळते. ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी संरक्षित आहे, इमारतीचे संकल्पन करण्याचे काम नाही. त्यामुळे सनदी वास्तुतंत्रज्ञ स्वतःचे कार्यालय काढून परवानगीपासून बांधकाम पूर्ण होईपर्यंत सर्व काम करू शकतो. त्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचे नाही, इतकेच.

भारतात या नावाचा व्यवसाय वेगळा रुजलेला नाही. बी.आर्क. ५ वर्षांचे, पॉलिटेक्निकची आर्किटेक्चर असिस्टंटशिप पदविका आणि आयटीआयचा ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा दोन वर्षांचा ट्रेड, अशा पायऱ्या आहेत. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टने उपाधीला संरक्षण दिले आहे. काम करण्यावर मक्तेदारी दिलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रातून या विषयात शिकायला जाणाऱ्याने दोन गोष्टी आधी पाहाव्यात. या पदवीवर आर्किटेक्ट म्हणून थेट नोंदणी होत नाही, ना तिथे ना इथे. आणि तिथला अभ्यास थंड हवेचा आहे. मुंबई-कोकणात बाष्पाची दिशा, उन्हाचा मारा आणि पावसाचा जोर निराळा असल्याने तिथले भिंती-छतांचे थर जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर), कठड्यालगतचा वॉटा (कोपऱ्यातली गोलाई), छज्ज्याच्या खालच्या कडेची पाणी तोडणारी खाच हे आपल्याकडचे डिटेल अजून मुख्यतः गवंड्याच्या आणि वॉटरप्रूफिंगवाल्याच्या हातात आहेत. ते मोजून, तपासून शिकवणारी पदवी इथेही असायला हवी.