कॅमेऱ्याखालचा वेग आणि दोन कमानींमधला वेग

कळंबोली सोडून मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेला लागलं की आमच्या भावोजींच्या उजव्या पायाला चैन पडत नाही. कॅमेऱ्यांची कमान दिसेपर्यंत 120, दिसली की ब्रेक, गेली की पुन्हा 120. गेल्या खेपेला मी शेजारी बसून थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला होता. भाताण बोगद्याच्या अलीकडे तो सगळा माझ्या गुडघ्यावर आला, आणि मागच्या बसने असा हॉर्न दिला की मागे झोपलेली ताई दचकून उठली. "अरे, कॅमेरा होता," भावोजी म्हणाले. काही दिवसांनी त्यांच्या मोबाइलवर दोन हजारांचं चलन आलंच. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: "कॅमेऱ्याखाली मी साठवर होतो, मग चलन लागलंच कसं?"

हा प्रश्न ऑफिसातही ऐकतो, सोसायटीच्या पार्किंगमध्येही ऐकतो. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

वेग दोन प्रकारे मोजतात: जागेवरचा आणि सरासरी. जागेवरचा सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांची इंटरसेप्टर गाडी कडेला उभी असते, आतून लेझर गन रोखलेली असते. त्या क्षणी तुम्ही 112 वर होतात, पावती फाटली, विषय संपला. नकाशाच्या ॲपमधली बाई "पुढे स्पीड कॅमेरा आहे" म्हणाली की पाय काढायचा, ही आपली सवय याच यंत्रामुळे लागली. इथे ती सवय उपयोगी पडते, हे मान्य.

सरासरी वेगाचं यंत्र मात्र तुम्ही त्याच्याखालून कितीने गेलात हे विचारतच नाही. जुलै 2024 पासून एक्स्प्रेस-वेवर जी यंत्रणा सुरू झाली, तिच्यात हे दोन्ही प्रकार आहेत. सरासरीचं काम असं चालतं: पहिल्या कमानीवरचा कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि वेळ टिपतो, पुढच्या कमानीवरचा कॅमेरा तीच नंबरप्लेट पुन्हा वाचतो आणि पुन्हा वेळ टिपतो. मधलं अंतर आधीच मोजून ठेवलेलं. उरतो तो चौथीतला भागाकार. भावोजींचा ब्रेक या भागाकारात येतो, पण किती? तेच बघू.

सोपं जावं म्हणून दोन कमानींत 10 किलोमीटर धरा. मर्यादा 100, म्हणजे हे अंतर कापायला निदान 6 मिनिटं लागायला हवीत. आता भावोजी दोन्ही कमानींपाशी मिळून 400 मीटर साठने जातात आणि उरलेले 9.6 किलोमीटर 120 ने. साठच्या चारशे मीटरला लागले 24 सेकंद. बाकीच्याला 4 मिनिटं 48 सेकंद. बेरीज 5 मिनिटं 12 सेकंद. सरासरी निघते 115 च्या थोडी वर. म्हणजे चहा सांडला, ताईची झोप मोडली, मागच्या बसवाल्याला घाम फुटला, आणि सरासरी 120 वरून जेमतेम 115 वर आली.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे: सरासरी म्हणजे कसली सरासरी? भावोजींचा पुढचा मुद्दा तोच होता. "चेंबूरहून निघालो, पुण्याला पोचायला तीन तास लागले. सरासरी पन्नासच्या आसपास. मग शंभर ओलांडली कुठे?" अहो भावोजी, मानखुर्दच्या सिग्नलला आणि वाशीच्या पुलावर जो वेळ गेला तो तुमच्या खात्यात जमा होत नाही. हिशोब फक्त त्या दोन कमानींपुरता असतो. पुढच्या दोन कमानींचा हिशोब वेगळा, पाटी पुन्हा कोरी. पूर्ण प्रवासाच्या सरासरीशी कोणाला देणंघेणं नाही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला फार आवडते. दोन कमानींमधली सरासरी 115 आली, तर मध्ये कुठेतरी तुमचा काटा 115 किंवा त्याच्या वर होताच. कायम शंभरच्या आत राहून सरासरी शंभराच्या वर नेणं अशक्य. त्यामुळे "मी एकदाही शंभर ओलांडली नाही, सरासरीनेच अडकवलं" ही तक्रार गणितातच बसत नाही. कमानीच्या घड्याळात चूक असेल, नंबर चुकीचा वाचला असेल, तर गोष्ट वेगळी. त्यावर जरूर भांडा. उलट बाजूने मात्र असं नाही. सरासरी 85 आली म्हणून मध्ये कधी 130 गाठली नसेल असं कोण म्हणेल? तिथे जागेवरचा कॅमेरा लागतो. एकाला चुकवून केलेली चोरी दुसरा पकडतो.

मग मध्येच थांबून चहा प्यायला तर? दोन कमानींच्या मध्ये थांबलात तर सरासरी पडेल, बरोबर. म्हणजे वेळ वाचवायला 130 ने जायचं, आणि तो वाचलेला वेळ चहात घालवायचा. असा हिशोब करणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या गाडीत बसायचं मी टाळतो.

बाकीचे घोळ किरकोळ. "केंद्राने 120 केलंय ना?" केंद्राच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेत एक्स्प्रेस-वेवर कारसाठी 120 आहे खरं, पण ती वरची हद्द, राज्याला त्याच्या खाली ठरवता येतं. समृद्धी महामार्गावर 120 आहे, मुंबई-पुण्यावर 100, आणि घाटात 60. गाडीतली वेगाची बीप 80 ला अधूनमधून वाजते आणि 120 नंतर थांबतच नाही, पण तिला रस्त्यावरचा बोर्ड दिसत नाही. घाटात 75 ने उतरताना ती चूप असते, म्हणून आपण मर्यादेत आहोत असं समजू नका. आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, कमी नाही, त्यामुळे "माझा काटा कमी दाखवत होता" हे कारण कुणाला सांगू नका.

हे सगळं मी भावोजींना कागदावर आकडे मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मान डोलावली. परवा पुण्याहून येताना अख्ख्या वाटेत 98 वर गाडी ठेवली, घाटात 58. संध्याकाळी ग्रुपवर नवा स्क्रीनशॉट. वेगाचं चलन नव्हतं. लेन कटिंगचं होतं.