पोर्टर आणि स्टाउट: पाच किलो धान्य, दोन नावं

काळी बिअर समोर आली की ती पोर्टर की स्टाउट हे कसं ओळखायचं, याचं एक ठरलेलं उत्तर मिळतं. कॉफीसारखी करपट, कोरडी ती स्टाउट. चॉकलेटकडे झुकणारी, जरा मवाळ ती पोर्टर. स्टाउटमध्ये मोड न आणता भाजलेलं जव, पोर्टरमध्ये भाजलेलं मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव. आजच्या बिअर-स्पर्धेत हे उत्तर चालून जाईल. जुन्या लंडनची बिअर घरी करायची असेल, तर मात्र ते बाजूला ठेवा. ब्रिटनमध्ये 1880पर्यंत कर मॉल्टवर होता, त्यामुळे बिअरमध्ये मोड न आणलेलं धान्य घालायलाच बंदी होती. मग तोवरच्या स्टाउटना काय म्हणायचं?

पोर्टर हे नाव अठराव्या शतकात लंडनच्या हमालांवरून पडलं. ‘स्टाउट’चा अर्थ तेव्हा नुसता ‘कडक’. फिकट रंगाची ‘पेल स्टाउट’सुद्धा मिळायची! कडक पोर्टर ती ‘स्टाउट पोर्टर’, आणि पुढे बोलता बोलता ‘पोर्टर’ गळून गेलं. लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत तर दोन्ही एकाच मिश्रणातून निघत.

घरच्या मापात हे करून बघता येतं. पेल मॉल्ट 3.8 किलो, ब्राउन मॉल्ट 1 किलो, ब्लॅक मॉल्ट 200 ग्रॅम. 66-67 अंश सेल्सिअसला तासभर भिजवायचं, रस निथळून घ्यायचा, गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घालून उकळायचा. शेवटी 20 लिटर उरला तर हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजणारी नळी; साखर जास्त तितकी बिअर कडक) साधारण 1.055 दाखवेल: पोर्टर. तोच आटवून 14 लिटरवर आणला तर 1.078च्या आसपास: स्टाउट. (ब्रिटनमध्ये 1963पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रात लागतो, तेव्हा इथे हे फक्त वाचायचं.)

माझ्या मते खरा जीव त्या एक किलो ब्राउन मॉल्टमध्ये आहे. तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव त्यातून येते. सुरुवातीची पोर्टर निव्वळ त्याचीच असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रुअरांच्या हाती हायड्रोमीटर आला आणि कळलं, की त्याच पैशात पेल मॉल्ट कितीतरी जास्त साखर देतं. ब्राउन मॉल्ट कमी झालं, बिअर फिकी पडली, रंगासाठी जळकी साखर वगैरे आली. सरकारने 1816मध्ये असले रंग बंद केले. लगेच 1817मध्ये डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात मॉल्ट काळंकुट्ट भाजण्याचं पेटंट घेतलं. वरचं मिश्रण त्यानंतरच्या काळातलं आहे. त्याआधीची पोर्टर हवी म्हणून पाचही किलो ब्राउन मॉल्ट घालू नका. आजच्या ब्राउन मॉल्टमधली एन्झाइम्स भाजण्यात मरतात, स्टार्चची साखर होत नाही.

धान्य जमलं तरी एक चव राहतेच. जुनी पोर्टर महिनोन्‌महिने लाकडी पिंपांत मुरायची. त्या मुरलेल्या इंग्रजी बिअरमधलं यीस्ट 1904मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत क्लाउसेन या शास्त्रज्ञाने ओळखलं आणि नाव दिलं ब्रेटॅनोमायसिस, म्हणजे ‘ब्रिटिश बुरशी’. ते घालणार असाल तर नळ्या आणि प्लास्टिकचा डबा त्याच्यासाठी वेगळा ठेवा. एकदा ओरखड्यांत शिरलं की धुऊन निघता निघत नाही, आणि पुढची प्रत्येक बिअर घोड्याच्या खोगिरासारखी वास मारते.