मेलानोमा काळाच असतो, हा समज चुकीचा

मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग काळा किंवा तपकिरीच असतो आणि रंगद्रव्य नसेल तर डर्मोस्कोपीचा, म्हणजे त्वचा प्रकाश असलेल्या भिंगातून तपासण्याचा, उपयोग नाही, हा जुना समज चुकीचा आणि घातक आहे. सुमारे २ ते ८ टक्के मेलानोमांत रंगद्रव्य जवळजवळ नसते. ते गुलाबी पुळीसारखे दिसतात. साधारण १० पट मोठे दाखवणाऱ्या डर्मोस्कोपमधून मात्र अशा गाठीत ठिपक्यांसारख्या आणि वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या एकत्र, मधूनच दुधाळ लालसर भाग आणि ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात चमकणाऱ्या पांढऱ्या रेघा दिसू शकतात. भिंग जोरात दाबले तर याच वाहिन्या दिसेनाशा होतात, म्हणून मध्ये जेल घालून ते अलगद टेकवावे लागते. निदान पक्के होते ते बायोप्सीनेच; पण उंच, घट्ट आणि महिनाभर वाढतच राहिलेली गाठ दाखवायला ती काळी पडण्याची वाट पाहू नये.